ब्लॉग उघडण्याआधी सुट्ट्या ठरवा

बंद पडलेले मराठी ब्लॉग कधी उघडून बघा. कित्येकांची शेवटची पोस्ट एकाच छापाची असते. 'सॉरी, खूप दिवसांत लिहिणं झालं नाही. सबमिशन होतं, मग परीक्षा, मग गावी गेलो. पण आता मात्र नियमित लिहिणार. प्रॉमिस!' खाली दोन स्मायली. त्याखाली तारीख, काही वर्षांपूर्वीची. आणि त्यानंतर काहीच नाही.

गंमत बघा, 'आता लिहिणं बंद' असं सांगून यातलं कुणीच थांबलेलं नाही. सगळे 'आता नियमित लिहिणार' असं म्हणून थांबलेत.

अशा माणसांना आपल्याकडे आरंभशूर म्हणतात. टोमणा मारायला शब्द झकास आहे, पण या ब्लॉगवाल्यांसाठी तो जरा अन्यायाचाच वाटतो. त्यांच्याकडे उत्साह होता. सांगण्यासारखं काहीतरी होतं. बऱ्याच जणांकडे चक्क प्लॅनसुद्धा होता. फक्त तो प्लॅन कशाचा होता? ब्लॉगचं नाव काय ठेवायचं, टेम्प्लेट कुठलं घ्यायचं, वर फोटो कोणता लावायचा, 'माझ्याविषयी'मध्ये काय लिहायचं. आणि हो, रोज एक पोस्ट टाकायची. सेमिस्टरची परीक्षा कधी सुरू होते, हे मात्र त्या प्लॅनमध्ये कुठेच नव्हतं.

तुमच्यापैकी अनेकांच्या डोक्यात आज तोच प्लॅन शिजत असणार. म्हणून सांगावंसं वाटतं, की किती लिहायचं हे नंतर ठरवा. कधी लिहायचं नाही, हे आधी ठरवा. खंड पडणारच आहे. तो ठरवून पडू द्या.

पण ब्लॉगच कशाला?

हा प्रश्न तुम्ही विचारणार हे माहीत आहे. 'ब्लॉग कोण वाचतं आता? रील टाक की!' खरंय. 'ब्लॉग' हा शब्दच आता काका-मामांच्या पिढीचा वाटतो. १९९७ मध्ये 'वेबलॉग' हा शब्द आला, १९९९ मध्ये त्याचं 'ब्लॉग' झालं आणि त्याच वर्षी 'ब्लॉगर' ही सेवा सुरू झाली. २००३ मध्ये 'वर्डप्रेस' आलं. म्हणजे या पानाच्या बऱ्याच वाचकांपेक्षा ब्लॉग वयाने मोठा आहे. कॉम्प्युटरवर देवनागरी उमटवणं हीच एक कसरत होती, तेव्हा लोक 'बरहा' आणि 'गमभन'वर टाइप करून मराठी ब्लॉग लिहीत होते. स्टार माझाने तर मराठी ब्लॉगर्ससाठी 'ब्लॉग माझा' नावाची स्पर्धाही घेतली होती. आज आपल्या फोनवर बोललं की मराठी टाइप होतं. आणि तरी आपण लिहितो काय, तर 'हॅपी बर्थडे भावा' आणि दोन केकचे इमोजी.

रील वाईट नाही. स्टोरीही वाईट नाही. पण इन्स्टाची स्टोरी चोवीस तासांत जाते. ती बनवलीय त्याचसाठी. रील टिकते, पण तीन वर्षांपूर्वीची एखादी रील शोधून दाखवा बरं. नुसतं खाली खाली सरकत बसाल. ब्लॉगला पत्ता असतो, तारीख असते, आणि त्यातला शब्द शोधला तर तो सापडतो. जे लवकर विसरायचंय ते स्टोरीवर टाका. जे विसरायचं नाही, त्याला जरा बरी जागा द्या.

आता, विसरू नये असं आपल्यासारख्या साध्या पोरापोरींकडे असतं तरी काय?

विष्णुभट गोडसे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक. घरच्या कर्जापायी चार पैसे मिळवायला उत्तरेकडे निघाला आणि नेमका १८५७च्या धामधुमीत सापडला. इंग्रजांनी झाशीवर हल्ला केला तेव्हा तो झाशीत होता. घरी परतल्यावर, बऱ्याच वर्षांनी, १८८३च्या सुमाराला त्याने जे पाहिलं ते लिहून काढलं. ते 'माझा प्रवास' या नावाने १९०७ मध्ये छापलं गेलं. हा माणूस सेनापती नव्हता, सरदार नव्हता, इतिहासकारही नव्हता. पण झाशीतल्या त्या दिवसांचं मराठीत वाचायचं तर आजही आपण त्याच्याकडेच जातो. कारण तो तिथे होता आणि त्याने लिहून ठेवलं.

तुम्ही म्हणाल, आमच्या आयुष्यात कुठली आलीय झाशी? नसेल. पण मेसची थाळी किती रुपयांची होती, एसटीचा पास काढायला किती वेळ रांगेत उभं राहावं लागायचं, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एका खुर्चीचं महिन्याचं भाडं किती, एमपीएससीची तारीख पुढे ढकलली त्या रात्री खोलीवर काय बोलणं झालं, पुरुषोत्तमच्या तालमीत कुठलं वाक्य रोज बदलत होतं, हे सगळं कोण लिहिणार? वर्तमानपत्रात परीक्षा पुढे गेल्याची बातमी येते. खोलीवरचं बोलणं येत नाही. एकांकिकेचा निकाल छापून येतो. तालमीतली भांडणं आणि वडापावाचा हिशेब छापून येत नाही. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले आठ कोटींहून जास्त लोक होते. त्यातल्या विशीतल्या पोरांनी स्वतःचं जगणं स्वतःच्या भाषेत लिहिलं नाही, तर पन्नास वर्षांनी या काळाबद्दल बोलणाऱ्यांच्या हाती फक्त जाहिराती आणि भाषणं लागतील.

२६ वजा ८

आता मुद्द्याचं. प्लॅन कसा करायचा?

समर्थांच्या नावावर एक उपदेश सांगितला जातो, रोज काही ना काही लिहीत जावं असा. उपदेश उत्तम आहे, वहीसाठी. डायरीत रोज दोन ओळी खरडायला कुणाची हरकत असणार? पण लोकांसमोर ठेवायचं लेखन रोज करायचं म्हटलं, की नवव्या-दहाव्या दिवशी दम लागतो. एक दिवस चुकतो, मग दुसरा, मग आपल्यालाच आपली लाज वाटायला लागते आणि आपण ब्लॉग उघडायचंच टाळतो. बहुतेक ब्लॉगांचा जीव आळसापेक्षा या लाजेनेच जात असावा.

म्हणून रोजचं सोडा. आठवड्याचंही सोडा. पंधरा दिवसांतून एक पोस्ट, असं धरा. वर्षाचे २६ पंधरवडे होतात. आता कॅलेंडर काढा आणि त्यातून वजाबाकी करा. प्रत्येक सेमिस्टरला सबमिशन, व्हायवा, परीक्षा मिळून सहा आठवडे गेले असं समजा. म्हणजे तीन पंधरवडे. दोन सेमिस्टरचे सहा. गणपती किंवा दिवाळीचा एक, मे महिन्यात गावी किंवा लग्नात जाणारा एक. झाले आठ. २६ वजा ८, उरले १८.

वर्षाला १८ पोस्ट. बस. हा तुमचा कोटा. प्रत्येक पोस्ट ५०० शब्दांची धरली, तर तीन वर्षांच्या डिग्रीत ५४ पोस्ट आणि २७ हजार शब्द होतात. हे चांगलं शंभरेक पानांचं पुस्तक झालं. तेही परीक्षेच्या काळात एक अक्षर न लिहिता.

आणि एक करा. ते सुट्टीचे पंधरवडे ब्लॉगवर आधीच जाहीर करून टाका. 'ऑक्टोबरअखेर ते डिसेंबरची सुरुवात परीक्षा, तेव्हा भेटू ८ डिसेंबरला.' शाळेला सुट्टी लागते तेव्हा शाळा बंद पडली असं कुणी म्हणत नाही. दारावर सूचना असते आणि उघडायची तारीख असते. तुमच्या ब्लॉगला तेवढंच हवंय. परत आल्यावर 'सॉरी'ने सुरुवात करायची गरज नाही. सरळ विषयाला हात घाला.

आधी तीन पोस्ट पेटीत

वर्तमानपत्राच्या पुरवणीचं पान तुमच्या हातात येतं, त्याच्या बरंच आधी ते तयार झालेलं असतं. रोजच्या बातम्यांची पानं रात्री उशिरा सुटतात, पुरवणीची आधी. शिवाय एखादा लेख ऐनवेळी आलाच नाही, तर लावायला दुसरा मजकूर बाजूला ठेवलेला असतो. वाचकाला यातलं काही कळत नाही, त्याला पान वेळेवर मिळतं. संपादकांना रोज सकाळी उठल्यावर प्रेरणा येते म्हणून हे चालत नाही. पेटीत मजकूर असतो म्हणून चालतं.

ब्लॉगलाही ही पेटी लागते. पहिली पोस्ट प्रसिद्ध करण्याआधी तीन लिहून ठेवा. एक टाका, दोन हातात ठेवा. पुढची लिहून झाली की मागची सोडा. ब्लॉगर काय किंवा वर्डप्रेस काय, पुढची तारीख आणि वेळ लावून पोस्ट ठेवायची सोय दोन्हींत आहे. ताप आला, लाइट गेली, पेपर कठीण गेला, ब्रेकअप झालं, तरी दोन पोस्ट, म्हणजे महिनाभराची बेगमी तुमच्याकडे असते.

आणि पहिल्या तीन पोस्ट लिहिताना जर दुसरीतच गाडी अडली, तर ब्लॉग उघडूच नका. काही बिघडत नाही. निदान ते कुणाला प्रॉमिस करण्याआधी कळलं!

'माझे विचार' नको

विषयाचं काय? इथे बहुतेक जण 'मनातलं काही', 'सहज सुचलं म्हणून' असलं नाव देतात. अडचण अशी, की सहज सुचणं चौथ्या पोस्टनंतर बंद होतं. मोकळं मैदान दिसायला छान, पण कुठे पळायचं ते कळत नाही.

त्यापेक्षा कुंपण घाला. छोटं. तुमच्या हॉस्टेलची एक विंग. तुमच्या गावाहून कॉलेजपर्यंतची एसटी. तुमच्या आजीच्या बोलण्यातले शब्द, अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, जे काही तुमच्या घरी असेल ते. प्रमाण मराठीतच लिहायला हवं असा काही नियम नाही, घरची बोली आली तर उलट बरंच. केमिस्ट्रीची लॅब. आठवडी बाजारातले भाव. गावातली बंद पडलेली टॉकीज. विषय जितका छोटा, तितकं त्यात जास्त सापडतं, कारण तुम्ही नीट बघायला लागता. 'पाऊस' या विषयावर तुमच्याकडे सांगायला फार काही नसेल. 'आमच्या स्टँडचं छत कुठे कुठे गळतं' यावर असेल, आणि ते दुसऱ्या कुणाकडे नसेल.

आजकाल आणखी एक शॉर्टकट आहे. एआयला विषय सांगितला की मिनिटभरात लेख तयार. सफाईदार असतो, शुद्धलेखनही ठीक असतं. पण तुमच्या मेसच्या मावशींनी मागच्या महिन्यात पोळ्या मोजून द्यायला का सुरुवात केली, हे त्याला माहीत नाही. ते तुम्हाला माहीत आहे, आणि ब्लॉग उघडायचा तो तेवढ्यासाठीच.

मावशींचा विषय निघालाच आहे, तर एक नियम पहिल्या दिवशी लिहून ठेवा: कुणाबद्दल लिहायचं नाही. मित्राच्या घरची भांडणं, मैत्रिणीचं दुखणं, कुणाचं ब्रेकअप, या गोष्टी तुम्हाला कळल्या म्हणून तुमच्या होत नाहीत. ज्याच्याबद्दल लिहिताय त्याला आधी वाचून दाखवा. तो 'नको' म्हणाला तर खोडा. नावं बदलली तरी तुमच्या वर्गातल्या साठ जणांना कळतंच कोण ते. ब्लॉग टिकवायच्या नादात मैत्री तुटली, तर तो हिशेब तोट्याचाच.

इंद्रायणी आणि सर्व्हर

तुकोबांची गाथा इंद्रायणीतून तरून वर आली, असं आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलोय. सर्व्हरच्या बाबतीत तशी आशा ठेवू नका. लोकांच्या लाखो घरगुती पानांचं 'जिओसिटीज' याहूने २००९ मध्ये बंद केलं. 'ऑर्कुट' ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं. 'गुगल प्लस' एप्रिल २०१९ मध्ये गेलं. या जागा फुकट मिळाल्या होत्या आणि मालकांनी त्या एक दिवस बंद केल्या. आज आपण जिथे लिहितोय, तिथेही हे होऊ शकतं.

त्यामुळे प्लॅनमध्ये ही चार कामं घाला. पहिलं, ब्लॉग कॉलेजने दिलेल्या ईमेलवर उघडू नका. पास आऊट झाल्यावर तो आयडी बंद होऊ शकतो आणि त्याच्याबरोबर तुमचं लेखनही अडकतं. दुसरं, वर्षातून दोनदा, प्रत्येक परीक्षा संपल्यावर, पूर्ण ब्लॉगची प्रत उतरवून घ्या. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हींच्या सेटिंगमध्ये ती सोय आहे. त्या फाइलमध्ये फोटो येतीलच असं नाही, ते वेगळे जपा. तिसरं, दोन वर्षं अजिबात वापर नसलेलं गुगल खातं कंपनी मजकुरासकट काढून टाकू शकते, तेव्हा लिहिणं थांबवलंत तरी अधूनमधून लॉग इन करा. चौथं, स्वतःच्या नावाचं डोमेन घेतलं असेल तर त्याचे पैसे दरवर्षी कोण भरणार, ते आजच ठरवा. पैसे थांबले की पत्ता हातचा जातो.

जमलं तर आवडत्या पोस्टची छापील प्रतही काढा. झेरॉक्सवाल्याकडे काही रुपयांत होतं. गोडसे भटजींचं लेखन कागदावर होतं, हे विसरू नका.

शेवट कधी?

आणि आता प्लॅनमधली शेवटची ओळ, जी कुणीच लिहीत नाही. हा ब्लॉग संपणार कधी?

बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं, ६ जानेवारी १८३२ला. तेव्हा ते विशीतच होते, म्हणजे साधारण आपल्याच वयाचे. एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला मराठी असे दोन स्तंभ. आधी पाक्षिक, मग साप्ताहिक. तेही पहिल्या दिवसापासून रोज निघालं नाही, हे लक्षात घ्या. १८४०मध्ये 'दर्पण' बंद झालं. आठ-साडेआठ वर्षंच चाललं. तरीही दरवर्षी ६ जानेवारीला महाराष्ट्रात पत्रकार दिन साजरा होतो. 'दर्पण' पुढे का चाललं नाही, म्हणून त्यांना कुणी आरंभशूर म्हणत नाही.

सगळं कायमचं चालायला हवं, असं कुणी सांगितलंय? 'कायम लिहीन' हे वचन कुणालाच पाळता येत नाही. 'डिग्री संपेपर्यंत लिहीन' हे पाळता येतं. ब्लॉगच्या पहिल्याच पोस्टमध्ये लिहा: हा ब्लॉग अमुक वर्षाच्या मे महिन्यापर्यंत चालेल, वर्षाला १८ पोस्ट. मग त्या मे महिन्यात शेवटची पोस्ट टाका, अनुक्रमणिका लावा आणि निरोप घ्या. पुढे वाटलं तर नवा उघडा. अर्धवट टाकलेल्या वहीला आणि भरून संपलेल्या वहीला आपण घरातही वेगळी जागा देतो. एक रद्दीत जाते, दुसरी कपाटात.

वाचक किती मिळतील? कदाचित सात. त्यातले तीन तुमचेच मित्र, एक मोठी बहीण. चालेल. सात माणसं तुमचा स्टँड, तुमची मेस, तुमच्या आजीचे शब्द वाचतायत, हे कमी नाही. आणि आठवा वाचक अजून शाळेतही गेला नसेल. तो पंधरा वर्षांनी तुमच्या गावाचं नाव शोधत तिथे येईल. त्याच्यासाठी तारीख नीट घाला आणि गावाचं नाव पूर्ण लिहा.

तर आज एवढंच करा. युनिव्हर्सिटीचं वेळापत्रक उघडा आणि परीक्षेच्या तारखांवर लाल पेनाने काट मारा. दिवाळीवर मारा, ताईच्या लग्नावर मारा. उरलेले पंधरवडे मोजा. मग ठरवा. टेम्प्लेट आणि हेडरचा फोटो काय, नंतरही निवडता येईल.